नदी म्हातारी होते का?

भूगोलातला नदीचा धडा आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला दोनदा येतो. एकदा विद्यार्थी म्हणून आणि पुढे शिक्षक म्हणून. दोन्ही वेळा तो जवळजवळ सारखाच असतो. नदी डोंगरात उगम पावते, तेव्हा ती अवखळ असते. ही तिची युवावस्था. मग ती मैदानात उतरते, संथ होते, वळणे घेते, ही प्रौढावस्था. शेवटी थकूनभागून गाळ टाकत, फाटे फोडत समुद्राला मिळते, ही वृद्धावस्था. प्रत्येक अवस्थेपुढे भूरूपांची यादी असते: घळई, धबधबा, नागमोडी वळण, नालाकृती सरोवर, पूरमैदान, त्रिभुज प्रदेश. आणि उदाहरण म्हणून गंगा. गंगोत्री, हरिद्वार, प्रयाग, पाटणा, गंगासागर. भिंतीवरच्या तक्त्यात ही नदी डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातून निघते आणि उजवीकडे खाली पोचते. मुलांना धडा आवडतो, पाठ लवकर होतो, परीक्षेत हमखास गुण मिळवून देतो. अशा लाडक्या धड्यावर टीका करायची म्हणजे थोडे अप्रियच काम. पण दिवेआगरसारख्या गावात बसून हा धडा वाचला, की त्यातले बरेच काही अडायला लागते. ते का अडते, याचा शोध घेतला तर हा धडा गंगेलाही नीट लागू पडत नाही असे दिसते. आमची मुख्य तक्रार ही आहे.

आधी दिवेआगरचे पाहू. रायगड जिल्ह्यातल्या श्रीवर्धन तालुक्यातले हे किनाऱ्यावरचे गाव. पुळण, तिच्यामागे सुरूची झाडे, नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि त्यांच्यामागे डोंगर. गावाला मोठी नदी नाही. डोंगरातून येणारे ओढे पावसाळ्यात दुथडी भरतात आणि उन्हाळा लागला की कोरडे पडतात. उत्तरेला दिघीजवळ राजपुरीची खाडी आहे. दक्षिणेला श्रीवर्धन ओलांडून हरिहरेश्वरच्या पलीकडे बाणकोटची खाडी आहे. ही बाणकोटची खाडी म्हणजे सावित्री नदीचे मुख. इथल्या मुलाला ठाऊक असलेले वाहते पाणी दोन प्रकारचे: चार महिने जगणारा ओढा, आणि दिवसातून दोनदा आत आणि दोनदा बाहेर वाहणारी खाडी. या मुलाला आपण शिकवतो की नदी नेहमी डोंगराकडून समुद्राकडे वाहते. बागमांडल्याहून वेश्वीला जाणाऱ्या फेरीबोटीत बसून त्याने भरतीचे पाणी डोंगराच्या दिशेने जाताना पाहिलेले असते. पण वर्गात तो हे बोलत नाही. पुस्तकातली नदी वेगळी आणि आपली वेगळी, अशी मनातल्या मनात वाटणी करून तो मोकळा होतो. विज्ञान शिकवणाऱ्यांना अशी वाटणी चालता कामा नये.

आता हा तीन अवस्थांचा विचार मुळात आला कुठून? अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातले विल्यम मॉरिस डेव्हिस यांनी १८८९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या नद्या आणि दऱ्यांवर एक मोठा निबंध लिहिला. पुढे १८९९ मध्ये 'भौगोलिक चक्र' या नावाच्या लेखात त्यांनी आपला विचार सविस्तर मांडला. जमीन समुद्रातून किंवा समुद्रसपाटीपासून उचलली जाते. मग नद्या तिला कापू लागतात. सुरुवातीला दऱ्या अरुंद आणि उंचवटे रुंद असतात. खूप काळ गेला की दऱ्या रुंदावतात आणि उंचवटे झिजतात. आणखी प्रचंड काळ गेला की सगळा प्रदेश जवळजवळ सपाट होतो. या क्रमाला त्यांनी युवा, प्रौढ आणि वृद्ध अशी नावे दिली. डार्विननंतरचा तो काळ होता, उत्क्रांतीची भाषा हवेत होती, आणि भूरूपांनाही इतिहास असतो हे त्या नावांमुळे लोकांच्या चटकन लक्षात आले. डेव्हिस यांचे हे मोठेपण मान्य करायलाच हवे.

पण त्यांच्या मांडणीत वय होते ते प्रदेशाचे, आणि ते मोजायचे काळाने. आपल्या धड्यात वय आले नदीचे, आणि ते मोजले जाते किलोमीटरने! एकाच नदीचा वरचा तुकडा तरुण, मधला प्रौढ आणि खालचा म्हातारा. कालक्रमाची मांडणी उचलून ती नकाशावर आडवी पसरली गेली. हा बदल केव्हा आणि कुठल्या क्रमिक पुस्तकात झाला ते शोधत बसण्याची गरज नाही. पण त्याचे परिणाम मात्र पाहण्यासारखे आहेत.

पहिला परिणाम असा की खरे वय नेमके उलटे होते. गंगेचा त्रिभुज प्रदेश घ्या. सुंदरबन आणि त्याच्या वरची जमीन ही भारतीय उपखंडातली सगळ्यांत नवी जमीन. तिचा मोठा भाग गेल्या काही हजार वर्षांत गाळ साचून तयार झाला. तिथली चरे, म्हणजे नदीतली बेटे, एका पावसाळ्यात वर येतात आणि दुसऱ्या पावसाळ्यात नाहीशी होतात. धडा याला वृद्धावस्था म्हणतो. उलट टोकाला हिमालयात जा. सिंधू, सतलज आणि ब्रह्मपुत्रा या नद्या हिमालयाच्या रांगा पुरत्या उंच होण्यापूर्वीपासून वाहत होत्या, असे भूशास्त्रज्ञ मानतात. डोंगर उचलला जात असताना त्यांनी आपली वाट कापत कायम ठेवली. गंगेला येऊन मिळणाऱ्या कोसीची एक शाखा, अरुण, एव्हरेस्टच्या पलीकडून तिबेटातून निघते आणि जगातल्या सर्वांत उंच शिखरांमधून आरपार येते. डोंगर आधी आणि नदी नंतर असे असते, तर तिला हे जमले नसते. म्हणजे ज्या घळईपुढे आपण 'युवावस्था' लिहितो, तिथे वाहणारी नदी डोंगराहूनही जुनी असू शकते.

दुसरा परिणाम वेगाबद्दल आहे. तरुण नदी वेगवान आणि म्हातारी संथ, हे आपण इतक्या खात्रीने सांगतो की ते मोजून पाहावे असे कुणाला वाटतही नाही. अमेरिकेतले जलशास्त्रज्ञ लुना लिओपोल्ड यांना तसे वाटले. तिथल्या नद्यांवर ठिकठिकाणी झालेल्या मोजणीचे आकडे त्यांनी एकत्र केले आणि १९५३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला: उगमाकडून खाली जाताना नदीचा सरासरी वेग बहुधा कमी होत नाही, किंचित वाढतो. डोळ्यांना हे पटत नाही. डोंगरातला ओढा उड्या मारतो, फेसाळतो, आवाज करतो. पण त्यातले बरेचसे पाणी दगडांवर आपटून भोवऱ्यात फिरत राहते, आणि पुढे सरकण्याची त्याची सरासरी फार नसते. खाली नदी खोल होते, तळाशी दगडांऐवजी वाळू आणि गाळ येतो, काठातळाशी होणारे घर्षण एकूण पाण्याच्या मानाने कमी पडते. उतार घटल्याने जे जाते, ते खोली वाढल्याने भरून निघते. प्रत्येक नदीत प्रत्येक ठिकाणी असेच होते असे नाही, आणि भरतीच्या टप्प्यात तर हिशेबच वेगळा. पण 'संथ वाहणारी वृद्ध नदी' हे वाक्य डोळ्यांच्या फसगतीवर उभे आहे एवढे नक्की.

हा प्रयोग कोकणातल्या शाळांना अगदी सोपा आहे. सुकलेली, न सोललेली सुपारी पाण्यावर तरंगते, आणि दिवेआगरात तिचा तोटा नाही. ऑगस्टच्या अखेरीस, पाऊस उघडल्यावर आणि पाणी घोट्याइतके किंवा फार तर गुडघ्याइतके असताना, ओढ्याच्या काठावर वीस मीटर अंतर मोजून दोन खुणा करायच्या. वरच्या खुणेशी सुपारी सोडायची आणि खालच्या खुणेशी यायला किती सेकंद लागतात ते मोजायचे. एकीवर भागवायचे नाही. दहा सुपाऱ्या सोडून सरासरी काढायची, कारण दोन-तीन हमखास दगडामागे अडकतात. (त्या अडकलेल्या सुपाऱ्या हाच धड्याचा महत्त्वाचा भाग आहे, त्या वगळू नका, त्यांचीही वेळ धरा.) पृष्ठभागावरचा वेग तळापेक्षा जास्त असतो, म्हणून आलेल्या वेगाला सुमारे ०.८५ ने गुणले की सरासरी वेगाचा अंदाज येतो. डोंगराच्या पायथ्याशी एकदा आणि खाली सपाटीवर एकदा मोजले की मुलांच्या हाती स्वतःचे आकडे येतात. ते लिओपोल्ड यांच्याशी जुळले नाहीत तर आणखी चांगले. का जुळले नाहीत यावर एक तास सहज जाईल.

तिसरी गोष्ट गंगेच्या पाण्याची. धड्यामुळे मुलांच्या मनात असे चित्र बसते की हिमनदीचे बर्फ वितळते आणि तेच पाणी वाहत वाहत समुद्रापर्यंत जाते. एखाद्या मुलाला विचारा, पाटण्याला गंगेत पाणी कुठून येते? तो गंगोत्री म्हणेल. उगमाजवळ, देवप्रयागच्या वर, बर्फाच्या पाण्याचा वाटा मोठा आहे हे खरे. पण खाली मैदानात त्याचा वाटा फार थोडा उरतो. गंगा ही मुख्यतः मोसमी पावसाची नदी आहे. शिवाय तिला पाणी देणारे सगळे हिमालयातले नाहीत. यमुनेला तिच्या खालच्या टप्प्यात भर घालणारी चंबळ महूजवळच्या जानापावच्या डोंगरातून, म्हणजे विंध्यातून निघते. शोण अमरकंटकच्या परिसरातून येते. मराठी माणसाच्या इतिहासात माळवा आणि चंबळ वारंवार येतात, पण माळव्यात पडलेला पाऊस प्रयागच्या संगमात असतो, हे कुणी सांगत नाही.

उगमाचीही तीच कथा. 'गंगेचा उगम गंगोत्री येथे होतो' असे वाक्य असते. गंगोत्रीला देऊळ आहे. हिमनदीचे मुख, गोमुख, तिथून अठरा-एकोणीस किलोमीटर वर आहे आणि हिमनदी आखडत असल्यामुळे ते आणखी मागे सरकते आहे. तिथून निघणाऱ्या प्रवाहाचे नाव भागीरथी. देवप्रयागला तिला अलकनंदा मिळते, आणि तिथून पुढे 'गंगा' हे नाव सुरू होते. अलकनंदा पाण्याने मोठी. मग मुख्य नदी कोणती? परंपरेने एक उत्तर दिले आहे आणि पाण्याचे मोजमाप दुसरे सुचवते. दोन्ही उत्तरे वर्गात ठेवली तर 'उगम' हा शब्द निसर्गातला आहे की माणसाने ठरवलेला, हा प्रश्न मुलांना पडेल. सध्याच्या धड्यात तो पडण्याची सोय नाही.

याच जिल्ह्यातल्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत गेले आणि परतताना गंगेच्या पाण्याची कावड घेऊन आले. 'माझा प्रवास' वाचणाऱ्याला त्या देशाचे अंतर कळते, कारण ते पायांनी मोजलेले आहे. तक्त्यावरची गंगा मात्र कुणी चालून गेल्यासारखी वाटत नाही. असो.

आता सावित्रीकडे वळू. महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचे उगम मानले जातात. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे १,३०० मीटर. कृष्णा पूर्वेला निघते आणि सुमारे १,४०० किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री पश्चिमेला निघते आणि शंभर-सव्वाशे किलोमीटरांत काम आटोपते. आर्थर सीटवर उभे राहून पाहिले तर पायाखालची भयंकर दरी तिची आहे. पोलादपूर तिथून सरळ रेषेत वीस-एक किलोमीटर. एवढ्यात नदी हजार मीटरांहून जास्त उतरते. पुढे महाड. रायगडाच्या परिसरातून येणाऱ्या गांधारी आणि काळ या नद्या तिला महाडच्या आसपास मिळतात. आणि महाडजवळच भरतीचे पाणी तिला भेटायला येते! समुद्र तिथून सरळ रेषेत चाळीस किलोमीटर दूर आहे. एके काळी गलबते दासगाव-महाडपर्यंत येत, ती याच पाण्यावर. मग सावित्रीची प्रौढावस्था कुठे गेली? पोलादपूर आणि महाड यांच्यामध्ये कुठेतरी शोधावी लागेल. तरुण नदी एका वळणावर म्हातारी होते की काय? आणि कृष्णा? ती त्याच माथ्यावरून निघून वाईजवळच रुंद, मोकळ्या खोऱ्यात वाहू लागते. एकाच पावसाच्या दोन नद्या, एक जन्मतः प्रौढ आणि दुसरी कधीच प्रौढ न होणारी. रूपक इथे कोलमडते. सह्याद्रीची पश्चिम कड उभी आहे आणि ती झिजत पूर्वेकडे सरकते आहे. कृष्णा कड्यामागच्या पठारावर वाहते आणि सावित्री कड्यालाच कापते. एवढे सांगितले की फरक कळतो, वयाची गरज लागत नाही.

हे कागदावर उतरवून पाहण्यासारखे आहे. आलेखाच्या कागदावर आडवे १ सेंटिमीटर म्हणजे १०० किलोमीटर आणि उभे १ सेंटिमीटर म्हणजे ४०० मीटर असे प्रमाण घ्या. गंगेची लांबी सुमारे २,५२५ किलोमीटर, म्हणजे पंचवीस सेंटिमीटर. गोमुखाची उंची सुमारे ३,९०० मीटर, म्हणजे जवळजवळ दहा सेंटिमीटर. हरिद्वार सुमारे अडीचशे किलोमीटरवर, ३१४ मीटर उंचीवर. पहिल्या अडीच सेंटिमीटरांतच रेघ कोसळते आणि मग उरलेला सगळा कागद ती तळाला चिकटून जाते. हिशेब केला तर हरिद्वारपर्यंत उतार किलोमीटरमागे सुमारे १४ मीटर. हरिद्वारपासून समुद्रापर्यंत किलोमीटरमागे सुमारे १४ सेंटिमीटर. शंभरपट फरक! याच कागदावर सावित्री काढली तर ती सेंटिमीटरभर रुंदीची एक उभी रेघ होते आणि तिचा खाडीचा भाग म्हणजे पेन्सिलीचा एक ठिपका. भिंतीवरच्या तक्त्यापेक्षा हा कागद अधिक खरे बोलतो. गंगेतही 'तीन अवस्था' दिसत नाहीत. एक मोठी मोड दिसते, जिथे डोंगर संपतो.

मग सावित्रीला त्रिभुज प्रदेश का नाही? याचे उत्तर प्रश्नपेढ्यांत ठरलेले आहे: पश्चिमवाहिनी नद्या आखूड आणि वेगवान असतात, म्हणून गाळ साचत नाही. हे उत्तर आम्हांला अर्धेमुर्धेच पटते. महाडच्या खाली सावित्रीला उतार जवळजवळ नाहीच, मग वेग कसला? आणि नर्मदा-तापी आखूड नाहीत, तरी त्यांच्या मुखाशी खाड्याच आहेत. खरे कारण शोधायला मागे जावे लागते. शेवटच्या हिमयुगात, सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. तेव्हा दिवेआगरपुढे समुद्र नव्हता, उतरती जमीन होती, आणि कोकणच्या नद्या ती कापत कितीतरी पुढे जात होत्या. बर्फ वितळले, समुद्र चढला आणि सहा-सात हजार वर्षांपूर्वी आजच्या पातळीच्या आसपास येऊन थांबला. त्याने नद्यांच्या दऱ्यांची तोंडे बुडवली. बाणकोटची खाडी आणि राजपुरीची खाडी या बुडालेल्या दऱ्या आहेत. गंगेची दरीही बुडालीच होती, पण गंगा आणि ब्रह्मपुत्रा मिळून वर्षाला सुमारे शंभर कोटी टन गाळ आणतात. त्यांनी ती भरून काढली आणि वर समुद्रात जमीन पुढे ढकलली. सावित्रीचे पाणलोट क्षेत्र लहान आणि खडक कठीण बेसाल्टचा. तिची दरी अजून भरून व्हायची आहे, आणि जो गाळ मुखापर्यंत येतो तो भरती-ओहोटी आणि लाटा इकडेतिकडे नेतात. दिवेआगरची पुळण अशाच सरकत्या वाळूने बांधलेली. तिच्यात काय काय आहे, हे वर्गात तपासता येते. मूठभर वाळूवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकावे. बुडबुडे आले तर शिंपल्यांचा चुरा आहे. कोरड्या वाळूतून लोहचुंबक फिरवावा. त्याला काळे कण चिकटले तर ते बहुधा सह्याद्रीच्या बेसाल्टमधून आलेले. एकाच मुठीत समुद्राचा आणि डोंगराचा हिस्सा वेगळा करून दाखवता येतो. दिवेआगरला शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा ताम्रपट सापडला आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांमध्ये त्याची गणना होते. तेव्हा या वाळूवर निदान हजार वर्षे माणसे नांदत आहेत, आणि समुद्र सहा-सात हजार वर्षे तिथेच आहे. सावित्रीच्या मुखाला वय द्यायचेच असेल तर ते हे.

इतके सगळे नावांसाठी कशाला, असे कुणी म्हणेल. शब्दच आहेत, मुले पुढे विसरतात. आम्हांला तसे वाटत नाही, कारण 'वृद्ध' या शब्दाबरोबर 'निरुपद्रवी' हा अर्थ आपोआप येतो. बंगालमधली 'वृद्ध' गंगा आपला मुख्य प्रवाह हुगळीकडून पद्मेकडे घेऊन गेली. १७८७ च्या पुरात तीस्ता नदीने गंगेची वाट सोडून ब्रह्मपुत्रेची धरली. १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळमध्ये कुसहा इथे कोसीचा बांध फुटला आणि नदी जुन्या पात्रापासून सुमारे १२० किलोमीटर पूर्वेला वाहू लागली. बिहारमध्ये तीस लाखांहून अधिक माणसांना त्याचा फटका बसला. नदीची सगळ्यांत मोठी उलथापालथ तिच्या सपाट भागात होते, कारण तिथे तिला अडवायला खडक नसतो आणि तिचाच गाळ तिचे पात्र उंच करतो.

सावित्रीच्या बाबतीत हे आणखी जवळ येते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावरचा ब्रिटिश काळातला दगडी पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एस. टी. गाड्या आणि त्यांतली माणसे. शोध पुढे खाडीत आणि समुद्रकिनाऱ्यावर दूरपर्यंत घ्यावा लागला. २२ जुलै २०२१ ला महाड शहर पाण्याखाली गेले, आणि त्याच दिवशी तालुक्यात तळिये इथे दरड कोसळून गाव गाडले गेले. महाबळेश्वरला त्या सुमारास एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पुण्याला साऱ्या पावसाळ्यात पडतो त्याच्याशी तुलना करण्यासारखा हा आकडा. तो पाऊस ज्या कड्यावर पडला तो महाडपासून फार दूर नाही; पाण्याला मैदानात पसरायला, वेळ काढायला जागाच नाही. डोंगरातले पाणी काही तासांत महाडला येते आणि तिथे उतार संपतो. त्यातच खाडीत भरती असेल तर पुढे जाणारे पाणी तुंबते. आषाढी पौर्णिमा तेव्हा दोन दिवसांवर होती, म्हणजे उधाणाचे दिवस. २०१६ मध्ये पूल पडला त्या रात्री तर अमावास्या होती. पूल भरतीने पाडला असे आम्ही म्हणत नाही. दगडी पूल पडण्याची कारणे दुसरी असतात. पण या नदीला पूर येतो तेव्हा वरून पाऊस आणि खालून समुद्र अशा दोन गोष्टी एकदम पाहाव्या लागतात. गंगेच्या धड्यात दुसरी गोष्ट येतच नाही. पाटण्याच्या मुलाला ती लागतही नाही. महाडच्या, म्हसळ्याच्या आणि श्रीवर्धनच्या मुलाला मात्र लागते.

गंगेचा धडा काढून टाका असे आम्ही सुचवत नाही. अरुणची घळई, चंबळचे पाणी, तीस्तेचे पलायन यांतले काहीही वगळले तर नुकसान आपलेच. आम्हांला खटकते ते गंगेचा साचा करून त्यात सगळ्या नद्या ओतणे. कोकणातल्या वर्गात ओढा आणि खाडी आधी यावी, गंगा मग. आणि 'अवस्था' या शब्दाऐवजी उतार, पाणी, गाळ आणि समुद्राची पातळी हे चार शब्द फळ्यावर असावेत. परीक्षेत अवस्था विचारल्या तर मुले त्याही लिहितील, तेवढी हुशार ती असतात.

बागमांडल्याला वर्ग न्यायचा झाला तर भरतीची वेळ आधी काढून ठेवावी. किनाऱ्यावरच्या लोकांचा हिशेब पाठ असतो: तिथीची पाऊणपट. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन, सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा. खरे तर भरती तिथीमागे साधारण ४८ मिनिटे पुढे जाते आणि पाऊण तास म्हणजे ४५. त्यामुळे पौर्णिमेला हा हिशेब पाऊण तासाने चुकतो. ती चूक मुलांनाच पकडू द्यावी. फेरीबोटीच्या धक्क्यावर उभे राहून सुपारी सोडायची आणि ती कोणत्या दिशेला जाते ते दर अर्ध्या तासाला लिहायचे. पाणी थांबते आणि उलटते ती वेळ टिपायची. महाडला कुणी ओळखीचे शिक्षक असतील तर त्यांच्या वर्गाने त्याच दिवशी तिथे नदीची पातळी मोजावी, म्हणजे बाणकोटची भरती आत चढायला किती वेळ घेते ते कळेल. २२ जुलै २०२१ ला आषाढ शुद्ध त्रयोदशी होती. त्या दिवशी भरती किती वाजता होती हे गणित सातवीचे मूलही करू शकते.